पाहुणे यायच्या दिवशी

घरात ती सर्वांत धाकटी सून होती, पण गल्लीत तिला सगळे मधली म्हणत. हे नाव नात्याने आलेले नव्हते, नोकरीने आले होते. गल्लीच्या एका अंगाला कपडे धुण्याचे हौद आणि वाळत घालण्याच्या दोऱ्या, दुसऱ्या अंगाला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याची उंच भिंत, आणि या दोहोंच्या मध्ये ती. कारखान्याने दिलेल्या ओळखपत्रावर तिच्या हुद्द्याचे नाव इतके लांबलचक होते, की छापणाऱ्याला ते एका ओळीत बसवता आले नव्हते. थोरल्या जावेने ते कार्ड लांब धरून, डोळे बारीक करून वाचले आणि परत देताना म्हटले, "एवढं लिहिण्यापेक्षा मधली लिहायचं. सुटसुटीत." दुसऱ्या दिवसापासून गल्लीने तेच उचलले.

गल्लीत घरोघरी धुलाईचा धंदा होता. इस्पितळाच्या चादरी, लॉजचे टॉवेल, खानावळींचे टेबलक्लॉथ असे सारे येथे येई आणि पांढरेशुभ्र होऊन परत जाई. मधली लग्न होऊन आली तेव्हा घरात तिच्याइतके शिकलेले कोणी नव्हते, म्हणून बाहेरच्या लोकांशी बोलण्याचे काम आपोआप तिच्याकडे आले. आणि ते तिला साधलेही. रागाने बोललेले वाक्य ती असे पोहोचते करी, की अर्थ पोहोचे आणि काटा वाटेतच राही. इस्पितळाचा भांडारप्रमुख एकदा म्हणाला होता, "या चादरी आहेत की पोतेरी?" घरी येऊन तिने सांगितले, "नीळ जरा जास्त झालीय म्हणतात." थोरली जाऊ इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाली, "हे तुझं झालं. आता तो काय म्हणाला ते सांग."

कारखान्याने तिला गल्लीशी बोलणी करायला नोकरीवर घेतले ते याच गुणासाठी. तोपर्यंत कारखान्याने गल्लीशी मैत्री करण्याचे आपल्या परीने बरेच प्रयत्न केले होते. गल्लीकडच्या भिंतीवर मोठमोठी फुले रंगवली होती. घरटी एक छत्री वाटली होती. त्या छत्रीवर कारखान्याचे नाव इतके ठळक होते, की ती उघडून बाहेर पडणारा माणूस कारखान्याचा नोकर वाटे. तक्रारपेटीही बसवली होती, पण ती बसवली फाटकाच्या आत. आत जायला पास लागे, आणि पास देणारा पहारेकरी विचारी, "काम काय?" त्यावर "तुमची तक्रार करायची आहे" असे सांगण्याचे धाडस कोणाला होणार? पेटी वर्षभर रिकामी राहिली आणि वरिष्ठ कार्यालयात अहवाल गेला, की परिसरातील रहिवासी समाधानी आहेत.

मधलीने नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ती पेटी फाटकाबाहेर आणवली. मग तिने मालमोटारींचे गल्लीच्या तोंडाशी भोंगे वाजवणे बंद करवले. तिसरी गोष्ट म्हणजे तिने एक नियम घालून दिला, आणि त्याचा तिला मनापासून अभिमान होता. त्याचे कारण असे घडले, की कारखान्याचा एक तरुण अधिकारी एकदा कोणालाही न कळवता पाहणीसाठी थेट हौदांपाशी येऊन उभा राहिला. बायका पदर खोचून, गुडघाभर पाण्यात चादरी खळबळत होत्या. त्या दिवशी त्या अधिकाऱ्याने जे ऐकून घेतले, ते त्याने आयुष्यात पूर्वी ऐकलेले नसावे. तेव्हा मधलीने ठरवले, की यापुढे कोणी कोणाच्या दारात न सांगता जायचे नाही. भेट ठरली की ती आदल्या दिवशी गल्लीला कळवी आणि फाटकावर फोन करून सांगे, "उद्या सकाळी पाहणी आहे. गल्लीतली चार माणसंही आत येतील. पाहुणे आहेत असं समजा." फाटकावरून ते उपाहारगृहाला कळे, तेथून सर्व विभागांना, आणि पाहुण्यांच्या चहाची सोय होई. भांडणे एकदम कमी झाली. कारखान्याने तिचा सत्कारही केला असता, पण तिने नको म्हटले. सत्काराचा फोटो गल्लीत कोणी पाहिला असता तर जावेने तिला वर्षभर सुखाने जेवू दिले नसते.

हे सगळे सुरळीत चालले असताना चादरींवर काळे ठिपके पडू लागले.

ठिपके बारीक होते, मऊ होते, आणि बोटाने पुसायला जावे तर लांब रेघ उमटे. सकाळी धुतलेल्या चादरी दुपारी उतरवताना ते दिसत. सगळ्यांचे डोळे कारखान्याच्या धुराड्याकडे वळले. इस्पितळाने एक गाठोडे परत पाठवले आणि सोबत निरोप दिला, की पुन्हा असे झाले तर काम दुसरीकडे जाईल. हा निरोप मात्र मधलीने जसाच्या तसा सांगितला. त्यातला काटा काढता येण्याजोगा नव्हता.

तिने कारखान्यात तक्रार नेली आणि रीतसर पाहणी ठरवली. सकाळी कोरी चादर सर्वांसमक्ष दोरीवर घालायची आणि दुपारपर्यंत दोन्हीकडच्या माणसांनी तिच्याजवळ बसून राहायचे. व्यवस्थापक साहेब स्वतः आले. ते सौम्य, नेमके बोलणारे गृहस्थ होते. खुर्ची दिली तरी आधी बायकांना बसायला सांगत. चादर दुपारपर्यंत निष्कलंक राहिली. दुसऱ्यांदा पाहणी झाली, तेव्हाही तेच. आणि ज्या दिवशी पाहणी नसे, त्या दिवशी ठिपके हजर.

तिसऱ्या पाहणीनंतर साहेबांनी हात जोडले. "मी आणखी दहा वेळा यायला तयार आहे," ते म्हणाले. "पण मला जे दिसत नाही ते मी कसं मान्य करू?"

थोरली जाऊ गल्लीची म्होरकी. तिने चादर दोरीवरून उतरवली, घडी घातली आणि साहेबांकडे न बघता म्हणाली, "तुम्ही यायच्या दिवशी तुमची भट्टी शहाण्यासारखी वागते. तिला कोण कळवतं, ते आम्हाला कळत नाही असं नाही."

बोलणे साहेबांना उद्देशून होते, पण गल्लीतल्या सगळ्या माना मधलीकडे वळल्या.

त्याच संध्याकाळी हौदांपाशी बैठक भरली. मधलीला बोलावणे नव्हते, तरी ती गेली आणि कडेला उभी राहिली. सोमवारी सकाळी सगळ्यांनी कारखान्याच्या फाटकासमोर रस्त्यावर बसायचे, एकही मालमोटार आत-बाहेर जाऊ द्यायची नाही, असे ठरले. एका म्हाताऱ्या धुलाईवाल्याने विचारले, "आणि मधलीचं काय?"

"तिचं काय?" थोरली जाऊ म्हणाली. "ती आदल्या दिवशी फोन करते, हे तिनेच आपल्याला शंभरदा सांगितलंय. तिच्या फोनवर तिकडे भट्टी विझते आणि इकडे आपण खोटे ठरतो. मुद्दाम करत असेल किंवा नसेल. चादर तर काळी होतेच ना?"

"ताई, मी भट्टी विझवायला सांगेन का?" मधलीने विचारले.

जाऊ उठून घरी गेली. आणि त्या दिवसापासून तिने बोलणे टाकले.

दोघींच्या स्वयंपाकघरांमध्ये छातीइतकी भिंत होती. पंधरा वर्षे त्या भिंतीवरून वाटीभर साखर, अर्धा कांदा आणि अख्ख्या गल्लीच्या बातम्या इकडून तिकडे गेल्या होत्या. आता जाऊ भिंतीशीच बोलू लागली. "भिंतबाई, गॅस बंद करायला सांगा कुणाला तरी, दूध उतू चाललंय." मधली धावत येऊन आपला गॅस बंद करी. "भिंतबाई, उपकार झाले," पलीकडून ऐकू येई. भांडण झाले असते, चार शब्द कानावर आले असते, तर मधलीला ते सोसले असते. लग्न करून या घरात आली तेव्हा आईविना वाढलेल्या या मुलीला भाकरी थापण्यापासून साडीच्या निऱ्या घालण्यापर्यंत सारे याच बाईने शिकवले होते. तिने आपल्याला फितूर समजावे, हे मधलीच्या घशाखाली उतरेना.

नवरा टेम्पोतून इस्पितळाची गाठोडी पोहोचवी. तो स्वभावाने मूग गिळून बसणारा; वहिनी आणि बायको यांच्या मधल्या वाटेला तो सहसा जात नसे. रात्री जेवताना एवढेच म्हणाला, "तुला साहेब फसवत नाहीत ना? खात्री करून घे. मग वहिनीकडे मी बघतो."

"तुम्ही काय बघणार?"

"तेच. नुसतं बघणार. बोलायची माझी काय टाप आहे."

तिला हसू आले, पण त्याचा प्रश्न मनात रुतला. साहेबांनी आपला प्यादे म्हणून वापर केला असेल तर? आपण इतकी वर्षे दोन्हीकडची बोलणी गोड करून पोहोचवली. त्या गोडीखाली कोणी काही लपवले असेल तर?

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सरळ विचारले. नेहमीप्रमाणे आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या नाहीत, बसलीही नाही. "पाहणीच्या दिवशी बॉयलर बंद ठेवता का?"

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बॉयलर बंद ठेवला तर वाफ नाही, आणि वाफ नाही तर खोकं नाही. त्या तिन्ही दिवशी माल नेहमीइतकाच निघालाय. तुम्हीच जाऊन बघा. ज्याला विचारायचं त्याला विचारा. मी बरोबर येणार नाही, नाहीतर म्हणाल की माझ्यासमोर कोणी बोललं नाही."

कारखान्याच्या मागच्या अंगाला बॉयलरघर होते. तेथला प्रमुख कामगार निवृत्तीला टेकलेला. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सर्वांचा काका. आत उष्णता अंगावर येत होती. काकाने तिच्यासाठी पंख्याखालचे स्टूल पुढे केले, फडक्याने पुसले आणि स्वतः उभाच राहिला.

"काका, खरं सांगा. पाहणी असते त्या दिवशी तुम्ही वेगळं काय करता?"

"काही नाही गं. रोजचंच."

"म्हणजे अगदी रोजच्यासारखं?"

"हो. फक्त सकाळी काजळी झटकत नाही, एवढंच."

मधली स्टुलावरच ताठ झाली. "काजळी झटकत नाही म्हणजे?"

काकाने तिला समजावून सांगितले. बॉयलरच्या आतल्या नळ्यांवर जळणाची काजळी साचते. ती दिवसातून एकदा वाफेच्या जोरदार झोताने झटकावी लागते, आणि मग ती धुराड्यातून बाहेर पडते. हे काम सकाळी उरकण्याची पद्धत; म्हणजे मग दिवसभर कटकट नाही.

"आणि पाहणीच्या दिवशी?"

"त्या दिवशी संध्याकाळवर ढकलतो. गेटवरून निरोप येतो ना, उद्या पाहुणे येणार म्हणून. तूच तर करतेस फोन." काकाच्या आवाजात थोडी धन्यताही होती. "घरी पाहुणे यायच्या वेळी कोणी गाद्या झटकत बसतं का? आमच्या आईने तेवढं तरी शिकवलंय."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं असं करायला?"

"हे काय सांगावं लागतं?"

"आणि साहेबांना माहीत आहे?"

"साहेबांना कशाला सांगू? घर कधी झाडलं हे कोणी मालकाला सांगत बसतं का?"

मधलीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. काकाला वाटले, बाई रडते आहे. त्याने घाईघाईने पाणी आणले. ती हसत होती. हसता हसता डोळ्यांत पाणी आले, एवढेच. कोणी फसवले नव्हते. साहेब खरे बोलत होते, गल्ली खरे बोलत होती, काका तर साक्षात शिष्टाचाराचा पुतळा. आणि या सगळ्याच्या मुळाशी तिचाच तो अभिमानाचा नियम होता.

फाटकातून बाहेर पडेपर्यंत ते हसू ओसरले. हे आता सांगायचे कसे? तिच्याच फोनने काजळी थांबत होती, हे जावेचे म्हणणे अक्षरशः खरे ठरत होते. तिने तोंडी सांगितले तर गल्ली म्हणेल, रचलेली गोष्ट आहे. आणि म्हातारा काका नाहक साहेबांच्या रागाला बळी पडायचा. गप्प बसून काकाला हळूच वेळ बदलायला सांगावे, तर ठिपके थांबतील, इस्पितळाचे काम वाचेल, पण जावेच्या मनातला ठिपका तसाच राहील. रस्त्यात उभी राहून ती बराच वेळ रंगवलेल्या फुलांकडे बघत राहिली आणि मग परत फिरली.

साहेबांना तिने सगळे सांगितले. ते ऐकून त्यांनी सवयीने डायरी ओढली. "ठीक आहे. उद्याच पाहणी करू. मी गेटवर कळवून ठेवतो."

"नाही साहेब," मधली म्हणाली. "कळवायचं नाही. गेटवर नाही, गल्लीतही नाही. तुम्ही नुसतं माझ्याबरोबर चालत यायचं. आणि काकाला कोणी एका शब्दाने बोलायचं नाही, हे आधी कबूल करा."

"त्याला काय बोलणार? त्याने आमची लाज राखली." साहेबांनी डायरी मिटली. "तुमच्या जाऊबाई मला न सांगता आलेला पाहून पाण्यात ढकलणार नाहीत ना?"

"त्याची हमी माझ्याकडे नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबांना घेऊन हौदांपाशी आली, तेव्हा कपड्यांची पहिली खेप नुकतीच दोऱ्यांवर चढली होती. बायकांनी खोचलेले पदर सोडले, पाय पाण्याबाहेर काढले. थोरली जाऊ कमरेवर हात ठेवून पुढे आली. "आज वर्दी नाही आली, साहेब?"

"आज मी पाहुणा नाही," साहेब म्हणाले. "मला एक चादर दाखवा आणि उभं राहू द्या."

ते उभे राहिले. गल्ली तिरक्या नजरेने आपले काम करत राहिली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून वाफेचा दबका फूत्कार ऐकू आला, धुराड्याच्या तोंडाशी काळसर ढग उठला, वाऱ्यावर कलला आणि अलगद खाली उतरला. चादरीवर ठिपके पडले. साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावरही पडले. त्यांनी खांद्यावरचा एक ठिपका बोटाने पुसला. लांब काळी रेघ उमटली.

"पुसू नका, पसरतं," थोरली जाऊ म्हणाली. आवाजात विजय होता, पण आकस नव्हता; महिनाभर खोट्या ठरलेल्या माणसाला सुटल्यासारखे वाटते तसे तिला झाले असावे. "आता दिसलं?"

"दिसलं. तुमचं खरं होतं. मला आधी दिसलं नाही, याबद्दल माफ करा."

"मग पाहणीच्या दिवशी का दिसत नव्हतं? तेवढं सांगा, म्हणजे झालं."

ढग खाली उतरताच मधलीने काकाला बोलावणे धाडले होते. तो हात पुसत आला आणि इतकी माणसे बघून बावरला. मधली म्हणाली, "काका, काल मला सांगितलंत तेच सांगा." काकाने सांगितले. नळ्या सांगितल्या, वाफ सांगितली, पाहुणे सांगितले आणि गाद्याही सांगितल्या. मध्येच साहेबांच्या सदऱ्याकडे लक्ष गेल्याने त्याची जीभ अडखळली. "आज निरोप नव्हता हो, साहेब. नाहीतर आज तरी झटकली असती का मी?"

मग कोणीतरी फिस्सकन हसले आणि हौदांपासून दोऱ्यांपर्यंत हसण्याची लाट गेली. म्हातारा धुलाईवाला खोकेपर्यंत हसला.

थोरली जाऊ हसली नाही. तिने काकाला विचारले, "फोनवर हिने काय सांगितलं होतं? नेमके शब्द सांगा."

"पाहुणे येणार, एवढंच येतं आमच्यापर्यंत."

"काजळी झटकू नका, असं नाही?"

"ती कशाला सांगेल? तिला तर काजळी झटकतात हेच माहीत नव्हतं काल. आणि एवढं काय सांगावं लागतं? मला अक्कल नाही का?"

"भरपूर आहे," जाऊ म्हणाली, आणि आता मात्र तिच्या ओठांचे कोपरे हलले. ती साहेबांकडे वळली. "म्हणजे पाहुणे असले की संध्याकाळी झटकायला जमतं. दोऱ्या तेव्हा रिकाम्या असतात."

"जमतं, असं दिसतंय खरं."

"मग आम्हाला रोज पाहुणे समजा. चहा नको."

साहेबांनी काकाकडे पाहिले. काकाने मान डोलावली. सोमवारी रस्त्यावर बसण्याचा बेत तेथेच बारगळला. खराब झालेली खेप कारखान्याच्या खर्चाने पुन्हा धुवायची ठरली, आणि साहेबांचा सदरा, त्यांचा विरोध न जुमानता, त्याच खेपेत टाकायचा ठरला. ते लॉजच्या कुणा नोकराचा घडी केलेला सदरा घालून फाटकातून आत गेले, आणि पहारेकऱ्याने त्यांना पास विचारला.

मधली मात्र हौदाच्या काठावर बसून राहिली. जाऊ तिच्याकडे न बघता दोऱ्यांवरच्या चादरी उतरवू लागली होती. हसण्याच्या गर्दीत ती आपल्याशी दोन शब्द बोलेल, असे मधलीला वाटले होते. दिवस कामात गेला. संध्याकाळी दोऱ्या रिकाम्या झाल्यावर पलीकडून तो फूत्कार ऐकू आला आणि काळा ढग मोकळ्या दोऱ्यांवरून निघून गेला. गल्लीतल्या माणसांनी दारात उभे राहून तो पाहिला. मधलीनेही पाहिला, आणि घरात जाऊन गॅस पेटवला.

भाजी फोडणीला टाकून ती हात धूत होती, तोच भिंतीवरून एक हात आला आणि कढईतली एक फोड उचलून परत गेला.

"धाकटे," पलीकडून आवाज आला, "मीठ घातलंस की तेही कळवून घालणार आहेस?"

मधलीचा जीव भांड्यात पडला. तिने मिठाचा डबा उघडला, पण घाईत झाकण खाली पडून गरगरत कोपऱ्यात गेले.

"घालतेच आहे, ताई."

"आणि तो फोन बंद कर एकदाचा. साहेबांना यायचं तेव्हा येऊ देत. पदर आम्ही सांभाळू." मग जाऊ म्हणाली, "तुला मी तसलं समजायला नको होतं."

"तुमचं चुकलं नाही. फोन मीच करत होते."

"ते आहेच. त्यात तुझं पाऊण चुकलं. माझं पाव." भिंतीवरून एक रिकामी वाटी पुढे आली. "घाल इकडे थोडी. माझी करपलीय. दिवसभर तुझ्याशी बोलायचं की नाही या विचारात लक्ष होतं कुठे."

मधलीने वाटी काठोकाठ भरली. भाजी अजून शिजायची होती, हे तिला माहीत होते, आणि जावेलाही. तरी तिने ती तशीच पलीकडे दिली.